बारा आठवडे

डॉक्टर रदरफर्ड म्हणाला, बारा आठवडे.
गाडीत बसता बसता म्हणाला, एक पाय आत, एक चिखलात.
तबेल्याबाहेर पाऊल नाही. बारा आठवडे.
मग गेला घाईनं,
टेव्हियटच्या पलीकडे कुणाची तरी मेंढी अडली होती.

घोडा माझा नव्हे, इश्बेलचा.
ती उत्तर समुद्रात, पवनचक्क्यांच्या बोटीवर,
ऑगस्टशिवाय यायची नाही.
मी आयुष्यभर मेंढरं पाळली.
मेंढराला दुखलं की ते कोपरा धरतं
आणि बरेचदा तिथंच मरतं, कुणाला त्रास न देता.

ब्रॅकन तसा नाही.
मागचा डावा पाय पट्टीत, ढोपरापासून खुरापर्यंत,
आणि पुढच्या उजव्यानं
पहाटे चारला तो दार ठोकायचा,
सावकारासारखा नव्हे,
आत आग लागल्यासारखा.
दाराची खालची फळी गेली. मी दुसरी ठोकली.
तीही गेली.

मग गोल फिरणं. लंगडत, एकाच बाजूनं,
पेंढ्यात त्यानं खळ्यासारखी वाट पाडली.
मग डोलणं: मान अर्ध्या दारावरून बाहेर,
डावीकडे, उजवीकडे,
डावीकडे,
मला बघून पोटात ढवळायचं, बोटीत बसल्यासारखं.

वॉटी म्हणाला, त्याला सलगम टांगून दे.
सुतळीला बांधून आढ्याला लावलं.
रात्रभर तो त्याला नाकानं ढोसत होता,
सलगम भिंतीवर आपटत होतं,
आणि मी अंथरुणात पडून मोजत होतो.
सकाळी नुसती सुतळी.

खरारा करायला मी शिकलो, साठी उलटल्यावर.
कुमैत रंग तो, पण घासलं की खाली तांबूस निघतो,
हे मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं.
चंदी अर्धी केली, अंगात मस्ती नको म्हणून,
तर त्यानं माझी टोपी खाल्ली.
सगळी नाही. पुढचा भाग.

सहाव्या आठवड्यात दोरी धरून बाहेर, पाच मिनिटं.
मे महिन्याचं गवत.
तो दोन पायांवर उभा राहिला, मी एका गुडघ्यावर,
दोर तळव्यातून सळसळत गेला आणि कातडं घेऊन गेला.
दुसऱ्या दिवशी दोघांनाही पट्टी.

इश्बेल रविवारी फोन करते.
कसा आहे?
बरा आहे, मी म्हणतो. खातोय.
लागलं कशानं, हे ती एकदाच विचारून गेली,
मी म्हणालो, कुंपणाला.

कुंपणाला नव्हे.
काटेरी तारेचं वेटोळं होतं, मीच टाकलेलं,
संध्याकाळी उचलू म्हणून,
आणि संध्याकाळी गुडघे दुखत होते.
ते वेटोळं आता खिळ्याला लटकवलंय, तबेल्याबाहेर.
तो मान बाहेर काढतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर येतं.
मी दुसरीकडे लावू शकलो असतो.

नवव्या आठवड्यात तो गप्प झाला.
दार नाही, डोलणं नाही, खिंकाळणं नाही.
तोंड भिंतीकडे, खालचा ओठ लोंबलेला,
कान कुठेच नाहीत.
रदरफर्ड फोनवर म्हणाला, छान, शांत झाला.
मी म्हणालो, मेंढरासारखा झालाय.
त्याला ते कळलं नाही.

तीन रात्री मी तिथं उपड्या बादलीवर बसलो.
बोलायला काही सुचेना, म्हणून भाव सांगितले,
हॉइकच्या बाजारात लोकरीला काय मिळतं,
काही मिळत नाही, कातरणावळसुद्धा सुटत नाही.
मग तारेचं सांगितलं.
त्यानं शेपूट हलवली. माशी असेल.

आज पहाटे, चारला पाच कमी,
धाड.
मग पुन्हा.
फळी चरकल्याचा आवाज मी उशीवरून ओळखतो आता.
उठलो नाही.
ठोक, म्हटलं. फळ्या आहेत अजून, मागच्या छपरात.

आज रविवार.